घराची फरशी बसवायचीय? किती पेट्या, किती सिमेंट, किती खर्च. मोबाईलवर असा काढा पूर्ण हिशोब

घराचं काम फरशीपर्यंत आलं की घरातले मोठे मोबाईल असलेल्या पोराकडे किंवा पोरीकडे बघतात. "जरा हिशोब करून सांग, टाइल्स किती लागतील?" तुम्ही कॅल्क्युलेटर उघडता, लांबी गुणिले रुंदी करता, दुकानातला दर लावता आणि आकडा सांगता. गुणाकार बरोबर असतो, पण आकडा बहुतेक वेळा कमी निघतो.

कारण चूक गुणाकारात नसते. ती एककात असते, टाइल्सच्या खऱ्या मापात असते आणि टाइल्सच्या खाली काय जाणार हे न धरण्यात असते. या लेखात धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या साध्या तीन खोल्यांच्या घराचा हिशोब पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघू. त्यात तुमच्या खोल्यांची मापं आणि तुमच्या दुकानातले दर घातले, की तुमचं इस्टिमेट तयार.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर हे बघा:

- ४०० चौरस फूट फरशीला "दोन बाय दोन"च्या २५ पेट्या पुरतात असं वाटतं. प्रत्यक्षात ३१ घ्याव्या लागतात.
- टाइल्सचा दर ५० रुपये फूट असेल, तर बसवून झालेली फरशी साधारण १२० रुपये फुटाला पडते.
- त्याखाली मुरूम भरायचा आणि पीसीसी करायचं असेल, तर तो खर्च आणखी वेगळा.

हे आकडे कुठून आले ते आता पायरी पायरीने बघू.

पायरी १: आधी एकक पक्कं करा

घर आपण फुटात मोजतो, टाइल्सच्या पेटीवर माप मिलिमीटरमध्ये असतं आणि सरकारी कागदावर चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. एवढी रूपांतरं लक्षात ठेवली तरी काम भागतं:

- १ फूट = ३०४.८ मिलिमीटर
- १ चौरस मीटर = १०.७६४ चौरस फूट
- १ ब्रास वाळू, मुरूम किंवा खडी = १०० घनफूट
- ५० किलोची सिमेंटची गोणी = सुमारे १.२५ घनफूट

कॅल्क्युलेटरवर सगळ्यात जास्त होणारी चूक इंचांची. १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ नाही, १०.५. फुटात १२ इंच असतात, १० नव्हे. इंचांना १२ ने भागा आणि मग फुटात मिळवा. ९ इंच म्हणजे ०.७५, ४ इंच म्हणजे ०.३३.

पायरी २: मोजायचं कशाने, टेपने की ॲपने?

आयफोनमध्ये 'मेझर' नावाचं ॲप आधीपासून असतं. आयफोन १२ प्रोपासूनच्या प्रो मॉडेलमध्ये लायडार सेन्सर असल्यामुळे ते आणखी नेमकं चालतं. अँड्रॉइडवर गुगलचं स्वतःचं मेझर ॲप २०२१ मध्ये बंद झालं, पण कॅमेऱ्याने मोजणारी इतर ॲप्स मिळतात. ही ॲप्स कॅमेऱ्यातलं चित्र आणि फोनची हालचाल जुळवून अंतराचा अंदाज बांधतात. कोऱ्या भिंतीवर, कमी उजेडात किंवा चकचकीत फरशीवर त्यांना धरायला खूण सापडत नाही आणि माप सरकतं. खोली साधारण केवढी आहे हे बघायला ॲप ठीक, पण माल घ्यायला टेपच लावा.

मोजताना तीन गोष्टी पाळा:

- लांबी आणि रुंदी दोन्ही टोकांना मोजा. दोन मापं वेगळी आली तर मोठं माप धरा.
- दोन्ही कर्ण मोजा. १५ बाय १२ च्या खोलीचा कर्ण १९ फूट अडीच इंच यायला हवा. दोन कर्णांत इंचापेक्षा जास्त फरक असेल तर खोली गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. अशा खोलीत कडेचे तुकडे तिरपे कापावे लागतात आणि माल जास्त जातो.
- प्लास्टर झालेलं नसेल तर गवंड्याला जाडी विचारा आणि दोन्ही बाजूंची वजा करा.

खोलीचा आराखडा कागदावर काढून त्यावरच मापं लिहा आणि फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. कागद हरवतो, फोटो सापडतो.

पायरी ३: पेटीचं खरं माप

सगळ्यात जास्त विकली जाणारी टाइल म्हणजे "दोन बाय दोन". नावाने ती दोन फुटी, पण पेटीवर बघा: ६०० × ६०० मिलिमीटर. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. प्रत्येक टाइल दोन्ही बाजूंनी जवळपास एक सेंटिमीटरने लहान आहे.

एका पेटीत बहुधा चार टाइल्स येतात. दोन फूट धरले तर पेटी १६ चौरस फूट भरते. खरं क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर, म्हणजे १५.५ चौरस फूट. "दोन बाय चार"चंही तसंच: ६०० × १२०० मिलिमीटरच्या दोन टाइल्स, पेटी १५.५ चौरस फूट.

अर्धा फूट म्हणजे किरकोळ वाटतो, पण हा फरक तीन टक्क्यांचा आहे. तो दरातही येतो. "५० रुपये फूट" म्हणून दुकानदाराने पेटीचे १६ × ५० = ८०० रुपये लावले, तर खरा दर फुटाला ५१.६० रुपये पडला. यात कुणी फसवतंच असं नाही, काही दुकानांत १६ धरायची पद्धत आहे, काही ठिकाणी १५.५. म्हणून दोन दुकानांचे दर जोखताना फुटाचा दर विचारू नका, पेटीचा दर विचारा आणि पेटीवर छापलेल्या क्षेत्रफळाने स्वतः भागा.

पायरी ४: तीन खोल्यांचा हिशोब

आपलं उदाहरणाचं घर असं आहे:

- हॉल: १५ × १२ = १८० चौरस फूट
- बेडरूम: १२ × १० = १२० चौरस फूट
- स्वयंपाकघर: १० × १० = १०० चौरस फूट
- एकूण: ४०० चौरस फूट

इथेच बरेच जण थांबतात. ४०० भागिले १६, म्हणजे २५ पेट्या. आता राहिलेलं धरू.

*स्कर्टिंग:* भिंतीच्या पायथ्याशी चार इंचाची पट्टी लागते. तीन खोल्यांचा परीघ ५४ + ४४ + ४० = १३८ फूट. त्यातून दारं वजा करा. आतल्या दाराची रुंदी दोन्ही खोल्यांतून वजा होते, हे विसरू नका. समजा दारं मिळून १८ फूट गेले, तर उरले १२० फूट. १२० × ४ ÷ १२ = ४० चौरस फूट. म्हणजे अडीच पेट्यांहून जास्त माल नुसत्या पट्ट्यांना जातो.

*तूटफूट आणि कापणी:* सरळ बसवायच्या असतील तर ५ ते ७ टक्के जास्त धरा. तिरप्या, म्हणजे चौकट ४५ अंशात फिरवून बसवायच्या असतील तर १० ते १५ टक्के.

आता पूर्ण हिशोब:

- फरशी + स्कर्टिंग = ४४० चौरस फूट
- ७ टक्के जास्तीचे धरून = ४७०.८ चौरस फूट
- ४७०.८ ÷ १५.५ = ३०.३७, म्हणजे ३१ पेट्या

२५ आणि ३१ मधला फरक सहा पेट्यांचा, म्हणजे ८०० रुपये दराने ४,८०० रुपयांचा. पण खरा त्रास पैशांचा नाही. काम अर्ध्यावर असताना पेट्या संपल्या आणि तुम्ही परत दुकानात गेलात, तर तीच बॅच मिळेल याची खात्री नसते. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगाची छटा थोडी वेगळी येऊ शकते, कधी मापातही मिलिमीटरचा फरक असतो. हॉलच्या मधोमध तो पट्टा कायमचा दिसत राहतो.

पायरी ५: टाइल्स ओळीने मोजून पडताळा

टक्क्यांवर विश्वास नसेल तर एकेक टाइल मोजा. हॉलची १२ फुटांची बाजू ३,६५८ मिलिमीटर भरते. "दोन फुटी सहा टाइल्स नेमक्या बसतील" असं वाटतं. पण सहा टाइल्स ३,६०० आणि दोन मिलिमीटरच्या सांध्यांचे १२ मिळून होतात ३,६१२. भिंतीपाशी ४६ मिलिमीटरची, म्हणजे दोन इंचांपेक्षा थोडी कमी, फट उरते. तिथे बारीक पट्टी कापून लावावी लागते.

१५ फुटांच्या बाजूला सात पूर्ण टाइल्स बसतात आणि ३५८ मिलिमीटर उरतात. म्हणजे प्रत्येक ओळीला आठ टाइल्स. अशा सहा ओळी, एकूण ४८. आठव्या टाइलमधून जो तुकडा उरतो, त्यातून कडेच्या बारीक पट्ट्या निघतात. बेडरूमला पट्ट्या धरून ३१ आणि स्वयंपाकघराला २६. स्कर्टिंगसाठी एका टाइलमधून सहा पट्ट्या निघतात, म्हणजे सुमारे पावणेबारा फूट. १२० फुटांना ११ टाइल्स.

४८ + ३१ + २६ + ११ = ११६ टाइल्स, म्हणजे बरोबर २९ पेट्या. एकही टाइल फुटली नाही असं धरून. ३१ पेट्या घेतल्या तर आठ टाइल्स हातात राहतात. काही फुटतील, उरलेल्या माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी नळाच्या कामासाठी फरशी फोडायची वेळ आली, तर त्याच कामी येतात.

बारीक पट्टी कुठल्या भिंतीला येणार हे आधीच गवंड्याशी बोलून ठरवा. दारासमोर पूर्ण टाइल आणि पट्टी कपाटाखाली किंवा दिवाणाखाली, ही साधी रीत.

पायरी ६: टाइल्सच्या खालचा माल

सिमेंट-वाळूच्या मालावर टाइल्स बसवायच्या असतील तर साधारण दीड ते दोन इंचांचा थर लागतो. प्रमाण बहुधा १:६, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू.

- ४०० चौरस फूट × दीड इंच (०.१२५ फूट) = ५० घनफूट ओला माल
- ओल्या मालाला कोरडं मिश्रण १.३३ पट लागतं: ६६.५ घनफूट
- सिमेंट: ६६.५ ÷ ७ = ९.५ घनफूट, म्हणजे साडेसात गोण्यांहून थोडं जास्त
- वाळू: ५७ घनफूट, म्हणजे ०.५७ ब्रास
- टाइल्सखाली ओतायची सिमेंटची घोळ चौरस मीटरला ३ ते ४ किलो: सुमारे ३ गोण्या
- स्कर्टिंगला अर्धी गोणी

सगळं मिळून १२ गोण्या सिमेंट आणि ०.६ ब्रास वाळू.

थराची जाडी इथे सगळ्यात महत्त्वाची. जमीन वरखाली असेल आणि थर दीडऐवजी दोन इंच झाला, तर अडीच गोण्या सिमेंट आणि १९ घनफूट वाळू वाढते. म्हणून माल मागवण्याआधी लेव्हल ट्यूबने खोलीची पातळी बघून घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जी पातळी काढतात, ती फोनमधल्या लेव्हल ॲपपेक्षा भरवशाची, कारण फोन फक्त स्वतःच्या लांबीएवढा भाग तपासतो.

वाळूची किंवा क्रश सँडची ट्रॉली आली की तिलाही टेप लावा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि आत भरलेली उंची २ फूट, म्हणजे १२० घनफूट, सव्वा ब्रासहून थोडी कमी. रिकामी व्हायच्या आधी मोजायचं, नंतर नाही.

पायरी ७: त्याच्याही खाली, काळी माती

आपल्याकडे हा भाग सोडून चालत नाही. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतातल्या भेगा बघितल्या असतील, तशीच माती घराखाली असेल तर वरची फरशी एका जागी राहत नाही. टाइल पोकळ वाजायला लागते, सांधे उघडतात, कोपरे तुटतात. टाइल कितीही महाग घ्या, फरक पडत नाही.

म्हणून जोत्याच्या आत काळी माती भरायची नाही, मुरूम भरायचा. तोही एकदम नाही, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस. ४०० चौरस फुटांत दीड फूट भराव म्हणजे ६०० घनफूट, ६ ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून २० ते २५ टक्के जास्त, म्हणजे सुमारे साडेसात ब्रास मागवा.

त्यावर तीन इंचांचं पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट: ४०० × ०.२५ = १०० घनफूट. १:४:८ प्रमाणात त्याला साडेनऊ गोण्या सिमेंट, सुमारे अर्धा ब्रास वाळू आणि एक ब्रासच्या आत-बाहेर खडी लागते.

तुमच्या घराचं पीसीसी आधीच झालं असेल तर ही पायरी सोडा. झालं नसेल आणि बजेट अपुरं पडत असेल, तर टाइल स्वस्तातली घ्या, पण भरावात काटकसर करू नका. टाइल पुढे बदलता येते, भराव बदलायचा तर सगळी फरशी उखडावी लागते.

पायरी ८: एकूण खर्च

खालचे दर फक्त उदाहरणासाठी धरले आहेत. दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, तुमच्या दुकानातले आणि मिस्त्रीचे दर घालून परत हिशोब करा. भराव आणि पीसीसी यात धरलेलं नाही.

- टाइल्स ३१ पेट्या × ८०० = २४,८०० रुपये
- सिमेंट १२ गोण्या × ३८० = ४,५६० रुपये
- वाळू ०.६ ब्रास × ६,००० = ३,६०० रुपये
- ग्राउट, स्पेसर वगैरे = १,२०० रुपये
- मजुरी, फरशी ४०० फूट × २५ = १०,००० रुपये
- मजुरी, स्कर्टिंग १२० फूट × १५ = १,८०० रुपये
- गाडीभाडं आणि हमाली = २,००० रुपये
- एकूण = ४७,९६० रुपये

भागिले ४००, म्हणजे फुटाला सुमारे १२० रुपये. वर पाच टक्के हाताशी ठेवा, म्हणजे ५०,००० च्या थोडं वर. एकूण खर्चात टाइल्सचा वाटा निम्म्याच्या आसपासच आहे. म्हणून टाइल फुटाला पाच रुपयांनी स्वस्त मिळाली म्हणून लांबच्या दुकानात जाताना गाडीभाडं आधी बघा.

गाडीवरूनच एक गोष्ट: चार टाइल्सची पेटी साधारण २८ किलो भरते. ३१ पेट्या म्हणजे साडेआठशे किलोंच्या वर. छोटा हत्तीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास असते, म्हणजे एका खेपेत सगळं नेणं बरोबर नाही. सोलापूर किंवा लातूरहून माल आणणार असाल तर भाडं ठरवताना वजन सांगा.

जीएसटीही आधीच विचारा. टाइल्सवर १८ टक्के जीएसटी आहे. सांगितलेला दर कर धरून आहे की कर वेगळा? वेगळा असेल तर २४,८०० वर ४,४६४ रुपये वाढतात. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओतले सिमेंटचे दर तसेच्या तसे उचलू नका.

उन्हाळ्यात काम काढणार असाल तर पाणीही खर्चात धरा. माल कालवायला, पीसीसीवर पाणी मारायला, मुरूम बसवायला पाणी लागतंच. बोअर आटलेली असेल तर टँकरचा आकडा यादीत आधीच लिहा.

टाइल्स की शहाबादी?

ओसरी, अंगण, पायऱ्या आणि मागच्या मोरीसाठी आपल्याकडे शहाबादी फरशी अजूनही चालते. हा चुनखडीचा दगड कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरातून येतो आणि उमरगा तालुका तर सीमेलाच लागून आहे. खडबडीत शहाबादीवर ओल्या पायाने घसरायची भीती कमी, आणि जड वस्तू पडली तरी ती चकचकीत टाइलसारखी लगेच टवका देत नाही.

हिशोब मात्र थोडा वेगळा. १५ × ६ ची ओसरी ९० चौरस फूट. दगडाच्या कडा तासाव्या लागतात, काही फरश्या वाहतुकीत फुटतात, म्हणून १० टक्के जास्त, म्हणजे १०० फूट घ्या. दगडाची जाडी एकसारखी नसते, त्यामुळे माल दोन इंचांचा धरा: घोळ धरून ३ गोण्या सिमेंट आणि १७ घनफूट वाळू. पॉलिश करून घ्यायची असेल तर तिचा दर वेगळा विचारा. ओसरीला बाहेरच्या बाजूने ढाळ ठेवायला मिस्त्रीला सांगा, नाहीतर पावसाचं पाणी दाराकडे येतं.

जुन्या फरशीवर नवी बसवायची असेल तर

१९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात पुनर्वसनात उभी राहिलेली घरं आता जवळपास तिशीची झाली आहेत. अशा घरांत प्रश्न येतो: जुनी फरशी काढायची की तिच्यावरच नवी लावायची?

आधी जुनी फरशी ठोकून बघा. नाण्याने किंवा हातोडीच्या दांड्याने हलकेच वाजवलं आणि बहुतेक ठिकाणी भरीव आवाज आला, फरशी खचलेली नसली, तर टाइल ॲडेसिव्ह वापरून वर बसवता येते. २० किलोची बॅग तीन मिलिमीटरच्या थराला साधारण ४५ ते ५० चौरस फूट पुरते. ४०० फुटांना नऊ बॅगा. वाळू जवळपास लागत नाही, पण फरशी सव्वा ते दीड सेंटिमीटरने वर येते. दारं खालून तासावी लागतात, उंबऱ्याची उंची बदलते. पोकळ आवाज येत असेल तर काढलेलीच बरी, मग तोडायची मजुरी आणि राडारोडा उचलायचं भाडं यादीत घाला.

गुगल शीटमध्ये तक्ता करून ठेवा

एकदा शीट बनवली की दर बदलला तरी हिशोब आपोआप बदलतो. रकाने असे ठेवा: खोली, लांबी, रुंदी, क्षेत्रफळ, परीघ, दारांची वजाबाकी, स्कर्टिंग. खाली पेटीचं क्षेत्रफळ, जास्तीचे टक्के आणि दर वेगळ्या चौकटींत लिहा, सूत्रात थेट आकडे टाकू नका. पेट्या आणि गोण्यांसाठी 'राउंडअप' फंक्शन वापरा, 'राउंड' नको. २८.३९ ला 'राउंड' २८ करतं, पण दुकानात तुम्हाला २९ घ्याव्या लागतात.

एआय चॅटबॉटला विचारणार असाल तर फूट की मीटर, पेटीचं छापील क्षेत्रफळ आणि थराची जाडी तुम्हीच सांगा. नाही सांगितलं तर तो मनाने काहीतरी धरतो. आणि दर कधीच त्याचे घेऊ नका, दुकानातून घ्या.

पैसे देण्याआधी हे तपासा

- सगळ्या पेट्यांवर एकच बॅच आणि शेड नंबर आहे का? उतरवून घेतानाच फोटो काढा.
- न उघडलेल्या पेट्या परत घेणार का आणि किती दिवसांत? हे बिलावर लिहून घ्या.
- फुटका माल निघाला तर काय?
- मिस्त्रीच्या दरात स्कर्टिंग, ग्राउट भरणं, कापणी आणि पातळी करणं धरलं आहे की वेगळं?
- मिस्त्री झालेलं काम कसं मोजणार? फरशी चौरस फुटात आणि स्कर्टिंग धावत्या फुटात, हे आधी बोलून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*टाइल्स पाण्यात भिजवायच्या का?*
व्हिट्रिफाइड टाइल जवळपास पाणी पीत नाही, जागतिक मानकात तिची मर्यादा अर्ध्या टक्क्याची आहे. त्यामुळे ती भिजवून फायदा नाही. पाणी शोषणाऱ्या साध्या सिरॅमिक टाइल्स मालावर बसवताना भिजवतात.

*बाथरूमला हॉलचीच टाइल चालेल का?*
नको. तिथे अँटिस्किड, म्हणजे खरखरीत टाइल घ्या. घरात आजी-आजोबा असतील तर हे आधी.

*एकदम सगळ्या खोल्यांचे पैसे नाहीत, तर?*
एका खोलीचं काम पूर्ण करा, पुढची नंतर. पण जी खोली आज कराल तिच्या सगळ्या पेट्या आजच घ्या. पुढच्या वर्षी तेच डिझाइन मिळेल असं धरून चालू नका, म्हणून दोन खोल्यांच्या मध्ये उंबरा किंवा दगडी पट्टी ठेवा. डिझाइन बदललं तरी मग डोळ्यांना खुपत नाही.

*मिस्त्रीचा आकडा आणि माझा आकडा जुळत नाही. कुणाचा खरा?*
दोघे बसून एकेक ओळ वाचा. फरक बहुधा तीनच ठिकाणी सापडतो: स्कर्टिंग धरलं की नाही, पेटी १६ ची धरली की १५.५ ची, आणि थर किती जाडीचा. मिस्त्रीला काम माहीत असतं, तुमच्याकडे मापं लिहिलेली असतात. दोन्ही एकत्र आली की आकडा पक्का होतो.